सव्वा महिना कुणाचा होता?

सध्या समाजमाध्यमांवर एक विधान वारंवार नजरेस पडते. शब्द बदलतात, आशय तोच राहतो : पूर्वी आपल्याकडे प्रत्येक बाळंतिणीला सव्वा महिना अंथरुणावरून उठू देत नसत, तेल, शेक, धुरी आणि डिंकाचे लाडू यांनी तिचे झिजलेले शरीर पुन्हा उभे केले जाई, मग इंग्रज आले, इस्पितळे आली आणि ही विद्या बुडाली. मागील धाग्याखालीही काही वाचकांनी हेच लिहिले. या विधानातील ‘प्रत्येक’ हा शब्द खोटा आहे. उरलेल्यापैकी बरेचसे खरे आहे, आणि म्हणूनच एका शब्दासाठी हा लांब धागा.

आधी खरे काय ते मान्य करू. प्रसूतीनंतरचे दिवस शरीराच्या मोठ्या उलथापालथीचे असतात. नऊ महिने ताणलेले गर्भाशय आकुंचन पावत सहा आठवड्यांच्या सुमारास मूळ आकाराजवळ येते. वार सुटल्यावर राहिलेली आतली जखम भरत असते, स्राव हळूहळू थांबतो, दूध उतरते, झोप तुटते. महाराष्ट्रातील बायकांनी या अवस्थेभोवती एक व्यवस्था रचली. तेलाने अंग रगडणे, कढत पाण्याचे न्हाणे, पोट बांधणे, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओवा-शेपा-वावडिंगाची धुरी, कानाला फडके, बाळंतकाढा, अळिवाची खीर, डिंकाचे आणि मेथीचे लाडू. पहिले बाळंतपण माहेरी करण्याचा प्रघातही याच व्यवस्थेचा भाग. मला स्वतःला लाडवांपेक्षा हा प्रघात अधिक मोलाचा वाटतो. कारण सासरची चूल, विहीर आणि जाते यांपासून एका सुनेला काही आठवडे तरी सोडवण्याची ताकद कोणत्याही काढ्यात नव्हती.

शास्त्रग्रंथांतही हे आहे. भूक लागल्यावर सूतिकेला पिंपळी, पिंपळमूळ, चव्य, चित्रक आणि सुंठ यांच्या चूर्णासह तूप किंवा तेल पचेल तेवढे पाजावे, पोटाला तेल-तूप चोळून ते मोठ्या वस्त्राने गुंडाळावे, असे चरकसंहितेच्या शारीरस्थानात सांगितले आहे. तिथे पुढे पातळ यवागू आहे आणि पाच-सात रात्रींनंतर क्रमाने पुष्ट करणारा आहार. सुश्रुतसंहिता सबळ आणि दुर्बळ स्त्री असा भेद करते आणि ही पथ्ये दीड महिना पाळून स्त्री ‘सूतिका’ या नावातून मोकळी होते असे सांगते. काश्यपसंहिता तर प्रदेशाप्रमाणे आणि कुळाच्या रीतीप्रमाणे उपचार बदलायला सांगते. पोट बांधण्याची रीत आजच्या आजीबाईंनी कल्पनेतून काढलेली नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

परंतु हे ग्रंथ डोक्यावर घेऊन नाचणाऱ्यांनी सुश्रुताचा तोच दहावा अध्याय आरंभापासून वाचावा. सूतिकागार आठ हात लांब, चार हात रुंद, दार पूर्वेला किंवा दक्षिणेला. इथपर्यंत ठीक. त्याआधीच जमिनीचा रंग आणि लाकूड सांगितले आहे आणि ते वर्णानुसार : ब्राह्मणीसाठी पांढरी भूमी व बेलाचे लाकूड, क्षत्रिय स्त्रीसाठी तांबडी व वडाचे, वैश्य स्त्रीसाठी पिवळी व टेंभुर्णीचे, शूद्र स्त्रीसाठी काळी व बिब्ब्याचे. चौघींचीही गर्भाशये एकाच गतीने आकुंचन पावत होती, हे वेगळे सांगायला नको. आणि वर्णांच्या बाहेर ठेवलेल्या स्त्रीला कोणत्या लाकडाची खोली, हा प्रश्न त्या यादीत उद्भवतच नाही.

हा प्रश्न विचारला गेला तो एकोणिसाव्या शतकात, पुण्यात. विचारणारी मुलगी साधारण चौदा वर्षांची होती. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या, मांग समाजातील मुक्ता साळवे हिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’च्या दोन अंकांत प्रसिद्ध झाला. आपण तो वाचतो तो बहुधा धर्माविषयीच्या तिच्या धारदार प्रश्नांसाठी. त्यातील बाळंतपणाचा परिच्छेद मात्र भाषणांत फारसा येत नाही. महार-मांगांच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसते. हिवाने आणि पावसाने त्यांचे काय हाल होत असतील ते स्वतःच्या अनुभवावरून ओळखा, असे ती वाचकाला सांगते. त्यातून बाळंतरोग झालाच, तर औषधाला आणि वैद्याला पैसा कुठून आणायचा? आणि यांना फुकट औषध देणारा माणुसकीचा वैद्य तुमच्यात कोणी होता काय, असे ती रोखून विचारते.

त्या निबंधाचा काळ लक्षात घ्या. पेशवाई जाऊन जेमतेम सदतीस वर्षे झाली होती. आधुनिक प्रसूतिगृह सामान्य लोकांपर्यंत पोचलेले नव्हते. इंग्रजी वैद्यकाने बुडवण्याजोगे त्या वस्तीत काही असते, तर ते बुडायला अजून वेळच मिळालेला नव्हता. तरीही तिथे शेगडी नाही, कारण शेगडी ठेवायला आधी वर छप्पर हवे.

आता या गोष्टीची दुसरी बाजू पाहा. गावगाड्यात सुईण कोण असे? प्रदेशागणिक उत्तर बदलते. पण मांगिणी सुइणीचे काम करीत अशी नोंद वासाहतिक काळातील जातिवर्णनांत आहे आणि गावोगावच्या लोकस्मृतीतही ती टिकून आहे. म्हणजे ज्या जातीच्या मुलीने ‘आमच्या बाळंतिणींना छप्पर नाही’ असे लिहिले, त्याच जातीच्या बायका वाड्यातल्या बाळंतिणींची नाळ कापत होत्या, वार पुरत होत्या, अंग रगडत होत्या. शरीर सावरण्याची जी विद्या आज ‘आपली’ म्हणून मिरवली जाते, तिचा हात बहुतेक वेळा दुसऱ्याचा होता. त्या हाताला मोबदला म्हणून धान्य, नारळ, लुगडे-चोळी मिळे. घरात त्याला जागा मात्र फक्त बाळंतिणीच्या खोलीपुरती असे.

ती का असे, हे समजून घेतले पाहिजे. कारण इथेच या धाग्याचा मुख्य मुद्दा आहे. बाळंतिणीला दहा दिवस सोयर. तिने कुणाला शिवायचे नाही, तिला कुणी शिवायचे नाही. स्वतः बाळंतीणच अस्पर्श असल्यामुळे तिच्याजवळ जाणारी बाईही अस्पर्श चालत असे. विश्रांती आणि विटाळ ही दोन्ही एकाच खोलीत, एकाच कारणाने नांदत होती. स्वयंपाकघरातून सुटका मिळे ती थकव्याची दखल म्हणून किती आणि स्पर्श बाधेल म्हणून किती, हे वेगळे करता येत नाही. ज्यांना यात निव्वळ ममता दिसते त्यांनी ती खोली डोळ्यांसमोर आणावी : घरातली अडगळीची, उजेड नसलेली, वारा लागू नये म्हणून झरोकाही बुजवलेली. बाजेखाली धुमसती शेगडी. अंथरूण जुनेपाने, कारण पुढे ते टाकूनच द्यायचे असे. अनेक घरांत पाणी मोजून दिले जाई आणि पहिला चीक पिळून टाकला जाई. तेल आणि लाडू हितकारक होते म्हणून धूर आणि तहानही हितकारक ठरत नाहीत.

आणि सवर्ण घरांतही ही खोली सर्वांसाठी उघडत नसे. १८६३ मध्ये फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. तिथे येणाऱ्या विधवा प्रामुख्याने ब्राह्मण कुटुंबांतील होत्या. गुपचूप येऊन बाळंत व्हावे आणि मूल ठेवून जावे लागे, कारण घरी कळले तर मुलाचा आणि आईचाही जीव धोक्यात. त्यांच्या शरीरालाही तीच कळ, तोच स्राव, तेच दूध. बाळंतविडा घेऊन माहेरचे कोणी येणार नव्हते. म्हणजे शेक-शेगडी मिळायला जात पुरेशी नव्हती. कुंकूही लागत होते.

आता वासाहतिक पक्षाकडे वळू, नाहीतर ‘इंग्रजांची बाजू घेतली’ ही प्रतिक्रिया टंकून तयारच असेल. इंग्रजी राजवटीने सांगितलेली गोष्टही अर्धीच खरी होती. १८८५ मध्ये डफरिन फंड स्थापन झाला, १९०३ मध्ये दाईंच्या प्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी आला. या संस्थांनी कामे केली, ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या साऱ्या लिखाणात एक खलनायिका ठरलेली असे : घाणेरडी, अडाणी, म्हातारी दाई. १९२७ मध्ये कॅथरीन मेयोच्या ‘मदर इंडिया’ने हे चित्र जगभर नेले.

या चित्राला उत्तर व्हिएन्नात सापडते. तिथल्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात दोन प्रसूतिविभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीचे विद्यार्थी बाळंतपणे करीत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ मध्ये डॉक्टरांच्या विभागात शंभरातील अकराहून अधिक बाळंतिणी दगावल्या; सुइणींच्या विभागात तीनहून कमी. इग्नाझ सेमेलवाइसने कारण शोधले ते असे : विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येत होते. १८४७ च्या मे महिन्यात त्याने त्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने उतरले. त्याआधी, १७९५ मध्ये, ॲबरडीनच्या अलेक्झांडर गॉर्डनने सूतिकाज्वर डॉक्टर आणि सुइणी यांच्यामार्फत एकीकडून दुसरीकडे जातो असे लिहिले होते, स्वतःलाही त्यात धरून. दोघांच्याही वाट्याला व्यवसायबंधूंचा रोष आला. सुशिक्षित, सभ्य, पुरुष डॉक्टरांचे हात मारक असू शकतात, हे मान्य करायला युरोपला अनेक दशके लागली. तोच युरोप मग आपल्याकडच्या दाईची नखे मोजू लागला. निर्जंतुक पद्धती आल्यानंतर इस्पितळे सुरक्षित झाली आणि १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात सल्फा औषधांनी सूतिकाज्वराचे भय खऱ्या अर्थाने हटवले. हे यश साबणाचे, औषधाचे आणि ते पोचवणाऱ्या व्यवस्थेचे आहे. गोऱ्या कातडीचे नाही, तसेच जळत्या ओव्याचेही नाही.

ओघात आणखी एक भ्रम : प्रसूतीनंतरचे चाळीस दिवस ही केवळ आपली देणगी आहे. चीनमध्ये ‘महिना बसण्या’ची प्रथा आहे, लॅटिन अमेरिकेत चाळीस दिवसांचे पथ्य आहे, इस्लामी परंपरेत निफासची कमाल मर्यादा सामान्यतः चाळीस दिवस मानली जाते आणि आपल्याच गावांतील मुसलमान घरांत चाळिसावा होतो. ज्यूंच्या लेवीय ग्रंथात मुलगा झाल्यास आईचे चाळीस दिवस, मुलगी झाल्यास ऐंशी. शरीर सगळीकडे एकच असल्यामुळे उत्तरेही सारखी निघाली. कुणाच्या वाट्याला ते दिवस आले, हे मात्र सगळीकडेच ठिकठिकाणच्या सत्तेने ठरवले.

मग ‘प्रत्येक’ हा शब्द पहिल्यांदा कुणी उच्चारला? माझे उत्तर असे : कामगार कायद्याने. तोही अडखळत, अपुरा, मालकांच्या विरोधात.

मुंबईच्या गिरण्यांत हजारो स्त्रिया काम करीत होत्या. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या या बायकांची माहेरे दूर राहिली होती. सुताच्या खात्यात दिवस भरत आले तरी काम सुटत नसे, कारण मजुरी बुडे. बाळ झाल्यावर लवकरात लवकर परतावे लागे. आणि तान्हे मूल दिवसभर निजून राहावे म्हणून त्याला अफूची बाळागोळी दिली जाई. १९२० च्या दशकाच्या आरंभी मुंबई सरकारने डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांच्याकडून गिरणीतील स्त्रियांच्या प्रसूतीपूर्व आणि प्रसूतीनंतरच्या स्थितीची पाहणी करून घेतली. अफूचा हा प्रकार त्या चौकशीत ठळकपणे पुढे आला. त्याआधीच, १९१९ मध्ये, वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने प्रसूतीनंतर सहा आठवडे स्त्रीला कामावर घेऊ नये असा ठराव केला होता. सुश्रुताचा दीड महिना आणि हे सहा आठवडे यांत तीन दिवसांचे अंतर आहे! प्राचीनतेचा अभिमान बाळगणाऱ्या आमच्या गिरणीमालकांना हा योगायोग मोहवू शकला असता. तो मोहवू शकला नाही. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात आणलेले प्रसूतिलाभाचे विधेयक फेटाळले गेले.

मुंबई कायदे कौन्सिलात पुन्हा विधेयक आले तेव्हा, जुलै १९२८ मध्ये, डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीनंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, या विश्रांतीचा बराच भार सरकारने उचलायला हवा, परंतु ज्याला त्या स्त्रीच्या श्रमाचा नफा मिळतो त्या मालकालाही यातून सुटता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ मध्ये मुंबई प्रसूतिलाभ कायदा झाला. देशातील असा पहिला. मुक्ता साळवेच्या प्रश्नाला आणि या भाषणाला जोडणारी रेघ मी ओढते आहे, त्या दोघांनी ओढलेली नाही. पण प्रश्न एकच आहे : या बाईच्या निजण्याचे पैसे कोण देणार? एकीने छप्पर नसल्याचे सांगितले, दुसऱ्याने बिल कुणाच्या नावे फाडायचे ते सांगितले. मधल्या त्र्याहत्तर वर्षांत शास्त्री-पंडितांपैकी कुणी सूतिकेच्या दीड महिन्याचा हवाला देऊन कष्टकरी बाईसाठी रजा मागितल्याचे माझ्या वाचनात नाही. कुणाच्या असेल तर जरूर दाखवावे, मी या धाग्यात जोडेन.

इथे एक अप्रिय गोष्टही नोंदवायला हवी. त्यानंतरच्या दशकांत गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. कारणे अनेक होती : रात्रपाळीची बंदी, यंत्रांतले बदल, कामांची फेरमांडणी. पण ‘बाई ठेवली की भत्ता द्यावा लागतो’ हा हिशेबही त्यात होता. खर्च एकट्या मालकावर टाकला की तो बाईलाच टाळतो. सरकारने भार उचलावा या मुद्द्याचे महत्त्व तिथे कळते.

‘पूर्वीच्या बायका कशा दणकट होत्या’ हे वाक्य उत्तरादाखल येईल, म्हणून गडचिरोलीचे एक उदाहरण देते. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ती प्रसिद्ध केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. त्यापूर्वी कधीतरी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या आठ टक्के. हे सगळे रोग बाळंतपणातूनच आले असे कुणीही म्हणणार नाही. पण ज्यांना आपण दणकट म्हणतो त्या बहुधा न बोलणाऱ्या होत्या, एवढे या आकड्यांवरून दिसते.

आजचे चित्र थोडक्यात. १९६१ च्या कायद्याने प्रसूतीनंतर सहा आठवडे स्त्रीला कामावर ठेवण्यास मनाई केली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा दिली. ज्यांच्याकडे नेमणूकपत्र आहे त्यांच्यासाठी हे फार मोलाचे आहे. शहरात आता बाळ-बाळंतिणीला मालीश करणाऱ्या मावशींचे महिन्याचे दर ठरलेले असतात. त्या मावशी स्वतः बाळंतपणानंतर कितव्या दिवशी कामावर गेल्या, हे कधी विचारून पाहा. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये असंघटित स्त्रियांनाही किमान सहा हजार रुपयांचा प्रसूतिलाभ देऊ केला; २०१७ च्या योजनेत तो पहिल्या अपत्यापुरता आणि पाच हजारांचा झाला.

आणि ऊसतोड. बीडहून दरवर्षी हंगामाला निघणारी टोळी ‘कोयता’ या एककात मोजली जाते. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. दोघांच्या नावावर मुकादमाची उचल असते. बाईचे दिवस भरलेले असले तरी कोयता अर्धा होत नाही. बाळंतपण फडाजवळच्या कोपीत होते, पाचटाच्या आडोशाला. मुक्ता साळवेने छपराविषयी लिहिले त्याला पावणेदोनशे वर्षे होत आली. २०१९ मध्ये गर्भाशय काढलेल्या ऊसतोड स्त्रियांच्या बातम्यांनी राज्य हादरले, सरकारने समिती नेमली. या बायकांचा मालक कोण, या प्रश्नावर मात्र कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम टोळीकडे. कामावर न आलेल्या दिवसाला तिथे ‘खाडा’ म्हणतात आणि तो उचलीच्या हिशेबात कापला जातो. मग ताप आलेला असो वा मूल झालेले असो.

बाळागोळीविषयी अनेकांनी आधीच विचारले आहे. ती पुढच्या धाग्यात.